न खणता लावलेले रान

हाकिओआवाच्या किनाऱ्याला धक्का नाही. लाटा फुटतात त्याच्या थोडे अलीकडे होडी थांबते आणि माणसे सरळ पाण्यात उड्या मारतात. कपडे, पांघरुणे, तांदूळ, औजारे सगळे दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत करकचून बांधलेले, नाहीतर घट्ट झाकणाच्या बादल्यांत भरलेले असते. होडीपासून वाळूपर्यंत माणसे छातीभर पाण्यात रांग धरून उभी राहतात. गावच्या विहिरीचा गाळ उपसताना घमेली जशी हातोहात वर येतात, तसे एकेक बोचके पुढे सरकते. या रांगेत विद्यार्थी असतात, कोळी असतात, शिक्षक असतात आणि बऱ्याचदा सत्तरीच्या आज्याही असतात. सगळे श्रमदानाला आलेले. किनाऱ्यावर पाय टेकले की पहिली सूचना ठरलेली असते: वाट सोडायची नाही, आणि जमिनीवर लोखंडाचा कसलाही तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही.

हे काहोओलावे. हवाईच्या आठ मुख्य बेटांतले सर्वांत लहान, सुमारे 116 चौरस किलोमीटरचे. शेजारच्या मौई बेटापासून जेमतेम अकरा किलोमीटरवर असलेले हे बेट 1941 ते 1990 अशी जवळजवळ पन्नास वर्षे अमेरिकी सैन्याच्या नेमबाजीचे निशाण होते. विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, युद्धनौकांनी तोफगोळे डागले, पाणबुड्यांनी त्याच्या कड्यांवर पाणतीर सोडून पाहिले. त्या जमिनीवर आज गवत उगवते आहे, झुडपे धरताहेत. ते कसे घडले, आणि कोणी घडवले, याची ही हकीकत.

बेटाचे हाल बॉम्बच्या आधीच सुरू झाले होते. काहोओलावे मौईच्या हालेआकाला या तीन हजार मीटर उंच ज्वालामुखीच्या आडोशाला येते. ईशान्येकडून येणारे वारे आपला पाऊस त्या डोंगरावर रिता करतात आणि काहोओलावेच्या वाट्याला वर्षाकाठी फार तर 65 सेंटिमीटर येतो. माण-खटावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तरीही शेकडो वर्षे माणसे तिथे राहिली. त्यांनी मासेमारी केली, रताळी लावली, पू मोइवी नावाच्या टेकडीवरच्या दगडाची हत्यारे घडवली. बेट त्यांनी समुद्राचा देव कानालोआ याला वाहिलेले होते. पश्चिमेकडच्या खाडीचे नाव केआलाइकाहिकी, म्हणजे ताहितीची वाट. नकाशे आणि होकायंत्र नसताना ताऱ्यांवरून होड्या हाकणाऱ्यांची शाळा या बेटावर होती.

1793 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर याने मौईच्या राजाला बकऱ्या भेट दिल्या. त्यांची पिलावळ काहोओलावेवर मोकाट सुटली. पुढे बेटाचा तुरुंग झाला, आणि 1858 पासून ते चराऊ रान म्हणून भाड्याने दिले जाऊ लागले. मेंढ्या आल्या, गुरे आली. त्यांनी गवत मुळासकट खाल्ले आणि उघड्या पडलेल्या मातीवरून वारा वाहू लागला. गुरांच्या सावलीसाठी आणि शेंगांसाठी कियावे नावाचे काटेरी झाड आणले गेले. आपल्या गावाबाहेर ओढ्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीची ही सख्खी बहीण. तिची मुळे खोलवरचे पाणीही सोडत नाहीत. अँगस मॅकफी नावाच्या एका पशुपालकाने 1917 मध्ये बेट भाड्याने घेतले, बकऱ्या कमी केल्या आणि रान सावरायचा मनापासून प्रयत्न केला. मे 1941 मध्ये त्याने बेटाचा काही भाग सैन्याला वर्षाला एक डॉलर भाड्याने दिला. सात महिन्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, हवाईत लष्करी कायदा लागू झाला आणि सगळे बेटच सैन्याने ताब्यात घेतले. मॅकफीला ते परत मिळाले नाही.

लढाई 1945 मध्ये संपली. बेट मात्र सुटले नाही.

1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हुकूम काढून काहोओलावे नौदलाच्या हवाली केले. त्या हुकुमात एक अट होती: गरज संपल्यावर नौदलाने बेट माणसाला राहण्याइतपत सुरक्षित करून परत द्यायचे. त्या वेळी ती कोणाच्या फारशी लक्षात राहिली नसावी, पण पुढे हवाईच्या लोकांनी तिच्यावरच बोट ठेवले. मधल्या काळात 1965 मध्ये बेटाच्या किनाऱ्यावर तीन स्फोट केले गेले, प्रत्येकी 500 टन टीएनटीचे. अणुबॉम्ब जवळ फुटला तर युद्धनौका टिकेल का, हे नौदलाला पाहायचे होते. स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात समुद्राचे पाणी शिरून तळे झाले. खालचा खडक तडकला आणि बेटाचे गोडे पाणी त्या फटींतून समुद्रात गेले, असे हवाईचे लोक मानतात. चार वर्षांनी, 1969 मध्ये, मौईच्या महापौरांनी भाड्याने घेतलेल्या कुरणात 500 पौंडांचा न फुटलेला बॉम्ब सापडला. चुकून शेजारच्या बेटावर पडलेला. तेव्हा कुठे मौईच्या लोकांना आपल्या दारासमोर काय चालले आहे, याची धग लागली.

4 जानेवारी 1976 रोजी काही होड्या मौईहून काहोओलावेकडे निघाल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे ते दोनशेवे वर्ष. तटरक्षक दलाने होड्या परतवल्या, पण एक होडी निसटली आणि नऊ जण बेटावर उतरले. सात जणांना काही तासांतच पकडले. मोलोकाई बेटाचे दोघे, डॉक्टर नोआ एमेट अलुली आणि वॉल्टर रिट्टी, दोन दिवस बेटावर फिरत राहिले. उतरले होते ते निषेध नोंदवायला. परतले ते वेगळेच काही घेऊन. लाल, भेगाळलेल्या जमिनीवर त्यांनी स्फोटांचे खड्डे पाहिले आणि त्याच खड्ड्यांच्या शेजारी पूर्वजांची देवस्थाने, मासेमारांच्या पूजेचे दगड पाहिले. आपण वैराण माळावर उतरलो नाही, कोणाच्या तरी घरात आलो आहोत, ही जाणीव घेऊन ते मोलोकाईला आले.

त्यातून 'प्रोटेक्ट काहोओलावे ओहाना' उभी राहिली. ओहाना म्हणजे कुटुंब, गोतावळा. संस्था म्हणावी असे तिच्यात कमीच होते. तिचा मंत्र होता 'अलोहा आईना'. आईना म्हणजे जमीन, शब्दशः जी खाऊ घालते ती. मराठी कानाला त्या शब्दात आई ऐकू येते. तो केवळ योगायोग, पण अर्थाशी इतका जुळणारा योगायोग विरळा.

चळवळीचा आवाज होता जॉर्ज हेल्म. मोलोकाईचा गायक, वयाच्या पंचविशीतला, हवाईच्या पारंपरिक उंच पट्टीतल्या गाण्यासाठी नावाजलेला. 1977 च्या सुरुवातीला रिट्टी आणि रिचर्ड सॉयर बेटावर लपून राहिले. माणसे बेटावर असताना सराव थांबेल, असा त्यांचा हिशेब. तो थांबला नाही. महिन्याहून अधिक काळ त्या दोघांचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा मार्चमध्ये हेल्म आणि मौईचा किमो मिचेल त्यांच्या शोधासाठी बेटावर गेले. 7 मार्च 1977 रोजी सर्फबोर्डवरून परतताना दोघे खवळलेल्या समुद्रात दिसेनासे झाले. ते पुन्हा सापडले नाहीत. आजही हाकिओआवाला उतरणाऱ्या प्रत्येकाला या दोघांची नावे सांगितली जातात.

ओहानाने 1976 मध्येच नौदलाला न्यायालयात खेचले होते. त्या दाव्याचा शेवट 1 डिसेंबर 1980 रोजी तडजोडीने झाला. काहोओलावेच्या इतिहासातले खरे वळण मला ते वाटते. नौदलाने मारा बेटाच्या काही भागापुरता मर्यादित ठेवायचे, जुन्या अवशेषांची नोंद करायचे, बकऱ्या हटवायचे आणि मातीची धूप रोखायचे कबूल केले. आणि ज्यांना चार वर्षे घुसखोर म्हणून पकडत होते, त्याच ओहानाला जमिनीची राखण करणारे म्हणून मान्य करून दर महिन्याला बेटावर जाण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी सगळे बेट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेले. म्हणजे सरकारचा एक हात ज्याला वारसा म्हणून जपत होता, त्यावरच दुसरा हात बॉम्ब टाकत होता.

बेट सावरायचे काम बॉम्बहल्ले थांबल्यावर सुरू झाले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. हल्ले चालू असतानाच ते सुरू झाले. एका बाजूला सराव होत होते आणि दुसऱ्या बाजूला ओहानाची माणसे वाटा साफ करत होती, पूजास्थानांचे दगड सावरत होती, रोपे लावत होती. नौदलानेही वारा अडवायला परदेशी झाडांच्या रांगा लावल्या. 1982 मध्ये बेटावर माकाहिकी साजरा झाला. पाऊस आणि शेतीचा देव लोनो याचा हा हिवाळी उत्सव. काहोओलावेवर तो कैक पिढ्यांनी होत होता, आणि त्यात मागणे एकच होते: पाऊस दे, जमीन हिरवी कर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावरची शेवटची बकरी गेली. दोनशे वर्षांत पहिल्यांदा कोंब फुटला तर तो खुडायला कोणी उरले नव्हते.

22 ऑक्टोबर 1990 रोजी थोरले राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बॉम्बफेक थांबवण्याचा आदेश दिला. हवाईतल्या सिनेटच्या निवडणुकीला तेव्हा दोन आठवडे उरले होते. 1993 मध्ये सिनेटर डॅनिअल इनौये यांच्या पुढाकाराने संसदेने सफाईसाठी दहा वर्षे आणि 40 कोटी डॉलर दिले. 7 मे 1994 रोजी बेट हवाई राज्याच्या नावावर झाले. राज्याने त्यासाठी आयोग नेमला आणि कायदा केला: बेटावर व्यापार नाही, आणि पुढे जेव्हा मूळ हवाईयनांची स्वतःची सत्ता मान्य होईल, तेव्हा बेट त्यांच्या हवाली करायचे.

दहा वर्षे आणि 40 कोटी डॉलर ऐकायला पुष्कळ वाटतात. बॉम्बशोधकांनी चौरस आखून इंच इंच जमीन तपासली, हजारो टन धातूचे भंगार बाहेर काढले. पण दऱ्याखोऱ्यांच्या त्या बेटावर पन्नास वर्षांत जे पुरले गेले, ते दहा वर्षांत निघणारे नव्हते. 11 नोव्हेंबर 2003 रोजी बेटाचा ताबा राज्याकडे आला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश बेटाचा फक्त वरचा थर साफ झाला होता. चार फूट खोलपर्यंत साफ झालेली जमीन जेमतेम दहावा हिस्सा. उरलेल्या पाव बेटाला कोणी हातही लावला नव्हता. आयसेनहॉवर यांच्या हुकुमातली अट नौदलाने अर्धवट सोडली, असेच म्हणावे लागेल. मुदत संपली, पैसा संपला, नौदल गेले.

राहिली ती श्रमदानाला येणारी माणसे, आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न जो जगात फार थोड्या शेतकऱ्यांना पडला असेल: खड्डा न खणता झाड कसे लावायचे?

बेटाचा माथा म्हणजे लुआ माकिका, सुमारे 450 मीटर उंचीवरचे जुने ज्वालामुखी विवर. त्याच्या भोवतालचा पठारी भाग वरची माती वाहून गेल्याने उघडा पडला आहे. तिथली जमीन विटेसारखी लाल आणि निबर. पाऊस पडला तर मुरत नाही, थेट घळीत धावतो आणि लाल गाळ घेऊन समुद्रातल्या प्रवाळावर पसरतो. वारा सुटला की लाल धूळ कपड्यांत, केसांत, दातांत जाते. या जमिनीत कुदळ मारायची नाही, कारण खाली काय आहे ते माहीत नाही. ड्रिलने भोक पाडायचे ते फक्त खोलवर तपासलेल्या जागी. बाकी ठिकाणी माणसांनी जमिनीला हात न लावता जमिनीवर जमीन रचली. घळींत दगडांच्या आडव्या ताली घातल्या. कियावेच्या फांद्यांचे कुंपणासारखे अडसर केले, म्हणजे ज्या झाडाने बेटाचे पाणी ओढले तेच मातीला आडवे घातले. वाऱ्याने आणलेली माती त्यांच्या पायथ्याशी साचली की त्या साचलेल्या मातीत रोप लावायचे.

आणि त्यांनी पिलीच्या पेंढ्या आणल्या. पिली म्हणजे आपले कुसळी गवत. पावसाळा सरताना माळावरून चालले की धोतरात, लुगड्यात, मोज्यांत घुसून टोचत राहते तेच. घरी आल्यावर ओट्यावर बसून एकेक कुसळ उपसणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्याचे टोक किती चिवट असते हे ठाऊक आहे. या कुसळाला एक लांब शेपूट असते. ते ओलाव्याने पीळ सोडते आणि सुकले की पुन्हा पीळ घेते. दव पडले, ऊन पडले, पुन्हा दव पडले. प्रत्येक फेऱ्यात शेपूट फिरते आणि बी गिरमिटासारखे स्वतःच जमिनीत शिरते. जिथे माणसाला खणायची बंदी, तिथे खणण्याचे काम हे बी करते. शेजारच्या मोलोकाई बेटावर वाढवलेल्या पिलीच्या बियांसकट बांधलेल्या पेंढ्या निबर जमिनीवर आडव्या टाकल्या गेल्या. पेंढीने वाहती माती अडवली, पेंढीतले बी खाली उतरले आणि काही ठिकाणी गवताच्या हिरव्या ओळी उभ्या राहिल्या. हवाईचे जुने लोक याच गवताने घरे शाकारत.

एका सहलीचा दिवस साधारण असा जातो. पहाटे उठायचे, बॉम्बचे प्रकार कसे दिसतात याची उजळणी करायची, आणि जाणकारांच्या मागोमाग ट्रकने किंवा पायी माथ्यावर जायचे. रोपे देशी: आआलीई हे चिवट झुडूप, पिवळ्या फुलांचे इलिमा, हवाईचा रानटी कापूस माओ, आणि विलिविली, म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा चुलतभाऊ. प्रत्येक रोपाच्या बुडाशी आच्छादन घालायचे, ठिबकची नळी जोडायची. पाणी येते ते डोंगरमाथ्यावर उभारलेल्या मोठ्या पत्र्याच्या छपरावरून टाक्यांत साठवलेले, कारण बेटावर वाहता झरा नाही. रोप लावण्याआधी मंत्र म्हणतात. पूर्वी हालेआकालाच्या उतारावरून 'नाऊलू' नावाचा ढग खाडी ओलांडून काहोओलावेवर येई आणि बरसे, अशी जाणत्यांची आठवण आहे. मौईवरचे जंगल तुटले तसा तो येईनासा झाला. त्याला परत बोलावण्यासाठी माथ्यावर दगडांची पर्जन्यस्थाने उभारली आहेत. गवत वाढले की जमीन थंड राहते, ओल धरते. आणि मंत्र म्हणणारी माणसेच ते गवत लावत असल्यामुळे श्रद्धा आणि शास्त्र असा झगडा तिथे कोणाच्या मनात येत नाही.

या बेटाने एक गोष्ट स्वतःच राखून ठेवली होती. 1992 मध्ये केन वूड आणि स्टीव्ह पर्लमन हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ काहोओलावेच्या किनाऱ्यालगतच्या आलेआले नावाच्या उभ्या सुळक्यावर चढले. बकऱ्या जिथे पोचू शकल्या नाहीत अशी ती जागा. तिथे त्यांना शेंगवर्गातली एक झुडपी वनस्पती दिसली, अवघी दोन झाडे. ती केवळ नवी जात नव्हती, वनस्पतिशास्त्राला ठाऊक नसलेली नवी प्रजातीच होती. तिचे नाव ठेवले कानालोआ काहोओलावेन्सिस. नंतर ओआहू बेटावरच्या जुन्या गाळातल्या परागकणांवरून कळले की माणूस हवाईत येण्यापूर्वी ती तिथल्या सखल रानात भरपूर होती. बॉम्बच्या पन्नास वर्षांत ती दोन झाडे त्या सुळक्यावर टिकून राहिली. पुढे सुळक्यावरची झाडे गेली. आज ती वनस्पती मौईच्या वनस्पती उद्यानात हाताने जपावी लागते.

काम सरळ रेषेत चाललेले नाही. 2005 मध्ये हवाईत गाठी करणारी एक बारीक गांधीलमाशी आली आणि विलिविलीची झाडे सुकू लागली. आफ्रिकेतून तिचा शत्रुकीटक आणून 2008 मध्ये सोडावा लागला. मोकाट मांजरी समुद्रपक्ष्यांची घरटी लुटतात. आयोगाला मिळालेला 4 कोटी 40 लाख डॉलरचा निधी 2016 च्या सुमारास आटला आणि तेव्हापासून दरवर्षी विधिमंडळाच्या दारात उभे राहावे लागते. फेब्रुवारी 2020 मध्ये आग लागली. बेटावर एक परदेशी गवत पसरले आहे, आपल्याकडे कोरडवाहू माळावर चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात ते अंजन गवत. इथले गुणी गवत तिथे आगीचे सरपण झाले. जमिनीत न फुटलेले बॉम्ब असल्याने अग्निशामक दलाला आत उतरता येईना. बेटाचा सुमारे तीस टक्के भाग जळाला, आयोगाची औजारे आणि साहित्य ठेवलेली कोठारेही गेली.

त्यानंतरही होड्या गेल्या. अर्ध्या शतकात ओहानाने हजारो माणसांना हाकिओआवाला नेले, आणि आयोगाच्या श्रमदान सहलींतून लागलेली रोपे लाखांच्या घरात आहेत. सुरुवातीच्या नऊ जणांतले डॉक्टर अलुली 30 नोव्हेंबर 2022 रोजी गेले. मोलोकाईवर रुग्ण तपासत ते जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे या बेटासाठी झटले.

काहोओलावेवर पर्यटकाला प्रवेश नाही. हॉटेल नाही, दुकान नाही, आणि कायद्याप्रमाणे ते होणारही नाही. बेट ज्यांच्या हवाली करायचे ती मूळ हवाईयनांची सत्ता अजून मान्य झालेली नाही; तोवर बेट राज्याच्या ताब्यात राहील. पाव बेटावर आजही कोणी पाऊल टाकू शकत नाही. उरलेल्या भागात जायचे असेल तर पूजेला किंवा कामाला जावे लागते, आणि हाकिओआवाला तेही सामान डोक्यावर धरून, पाण्यातून.